दादाचं बेअरिंग

४ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीन गावं हिंडून मला सापडलं. सध्या बंदरावर बोटी रंगवतो. मुकादम म्हणतो, माझा हात चांगला, पण डोकं वाऱ्यावर. बोटीला खालून लालच रंग का देतात, हे त्याला विचारायला निघालो आणि वाटेत मांजराशी खेळत बसलो. ते राहिलंच.

तू विभागप्रमुख झालीस आणि आल्या आल्या इंजिनिअरिंगच्या पीएचडीचे नियमच बदलायला काढलेस, हे भारी. काम झालं की नाही हे एकट्या गाइडने नाही, तिघांनी ठरवायचं, आणि तेही ठरलेल्या मुदतीत. दादाच्या वेळी हे असतं तर? त्याचे गाइड, ते सर, ‘अजून थोडं’ म्हणत राहिले आणि तो ताप अंगावर काढत मशीनपाशी उभा राहिला, तो गेलाच. सर विरोध करतील, सांभाळ.

त्याचं मशीन अजून आहे का गं?

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.
तुझा,
भिंगरी

१९ जानेवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

मशीन आहे. आमच्याकडची रीतच आहे, गाइड ‘झालं’ म्हणेपर्यंत विद्यार्थ्याच्या टेबलाला कुणी हात लावायचा नाही. दादाचं काम एवढंच, की बेअरिंग फिरवत ठेवायचं आणि ते कधी निकामी होतं ते बघायचं. ते झालंच नाही. त्याच्या नावाची चिठ्ठीही तशीच आहे.

मला वाटलं होतं, कधीच बंद पडलं असेल. परवा सकाळी प्रयोगशाळा उघडली तर फिरत होतं. धूळ नाही, ग्रीस ताजं, आणि फडकं दादासारखीच चौकोनी घडी करून खुंटीला. मुलं त्या कोपऱ्यात बसत नाहीत. म्हणतात, तो अजून रीडिंग घेतो. मी त्यांना रागावले आणि माझ्या खोलीत येऊन दार लावून घेतलं.

पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला मतदान. सर जिकडे, तिकडे बाकीचे म्हातारे. ठराव झाला तर अडकलेली जुनी टेबलं मोकळी करायची, हे कलम मीच घातलंय.

वेळेवर जेव, आणि या थोरलीला विसरू नकोस.
ताई

२६ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

इथल्या पंपाचा आवाज अगदी त्या मशीनसारखा आहे. कुठेही गेलो तरी असा एक आवाज निघतोच, आणि मग मी गाव बदलतो. तू मला उनाड म्हणतेस, म्हण.

पण ताई, ती घडी दादा कुठे शिकला? आपल्या घरात तर सगळे फडक्याचा बोळा करून फेकणारे.

माया असू दे.
भिंगरी

८ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा प्रश्न डोक्यात घेऊन मतदानाच्या दिवशी लवकर गेले. कोपऱ्यात सर होते, हातात ग्रीस-गन. मला बघून दचकले नाहीत. फडक्याची घडी घालत म्हणाले, हे फिरतंय तोवर मला ‘झालं’ म्हणावं लागत नाही.

मी भांडायची तयारी करून गेले होते. तशीच सभेला निघून गेले.

सभेत सरांनी ठरावाच्या बाजूने हात वर केला. ठराव झाला. जाताना त्यांनी ग्रीस-गन माझ्या टेबलावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी मशीन उतरवायला पाना घेऊन गेले आणि ग्रीस घालून परत आले. नंतर रोज तेच. नियम माझाच, आणि मलाच तो पाळता येत नाही. तू ये. बंद करायला कुणीतरी शेजारी हवं.

वाट बघते.
ताई

१५ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

निघालोय. यावेळी मधे कुठे उतरणार नाही, असं तरी ठरवलंय.

मी पोचेपर्यंत तेवढं ग्रीस घालत राहा.

तुझा,
भिंगरी