शेवटच्या रिळाचा तुकडा

बाबा, तुमची कंपनी पुन्हा विकली गेली. तुमची म्हणजे ती अमेरिकेतली, जिच्या सिनेमाच्या सुरुवातीला दीपस्तंभ यायचा आणि त्याचा झोत पडद्यावर फिरला की बाल्कनीतूनसुद्धा शिट्ट्या पडायच्या. या खेपेला मोबाइलवर सिनेमे दाखवणाऱ्यांनी घेतली म्हणे. तुम्ही नागपुरातल्या एका थिएटरात सिनेमाचं मशीन चालवणारे ऑपरेटर, इंग्रजी फक्त सहीपुरतं. पण त्या स्टुडिओचा इतिहास असा सांगायचात, जणू पायाचा दगड तुम्हाला विचारून बसवला होता. तिथले नटनट्या गिरणी कामगारांसारखे पगारावर, सकाळी हजेरी लावून रडायला उभे राहणारे. शिंपी घरचे, सुतार घरचे, थिएटरंही घरची. मग कोर्टाने थिएटरं सोडायला लावली, घरोघरी टीव्ही आला, आणि राजवाड्यांचे सेट सरपणाच्या भावाने विकले गेले. एवढं सांगून झालं की तुम्ही मान हलवायचात. "पण रडवावं तं त्यायनंच. आपले पिक्चरवाले रडणं त्यायच्याचपासून शिकले."

मी आता शहराबाहेर बेसाला राहते आणि घरी बसून परदेशी सिनेमांच्या संवादांच्या मराठी ओळी लिहिते, पडद्याच्या तळाशी येतात त्या. नव्या मालकांनी त्या स्टुडिओचे जुने सिनेमे पाठवायला सुरुवात केली आहे. गेल्या आठवड्यात तो आला, आजारी आई आणि तिच्या लहान मुलीचा. नाव वाचलं आणि मी लॅपटॉप मिटून स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासली.

मी आठ वर्षांची होते. आई रामदासपेठेतल्या दवाखान्यात होती आणि मला ठेवायला कोणी नव्हतं, म्हणून गुरुवारच्या तीनच्या खेळाला तुम्ही मला बाल्कनीत पहिल्या रांगेत बसवलंत. मागे तुमच्या केबिनमध्ये मशीनच्या दिव्यात जळणाऱ्या कार्बनच्या कांड्यांचा धूर आणि भट्टीसारखी गरमी. सिनेमातली आई शेवटी अंथरुणावर उठून बसते, मुलगी खिडकी उघडते, आई हसते, दिवे लागतात. मी टाळ्या वाजवते आहे. तेवढ्यात तुम्ही जिन्यावरून धावत येता आणि माझं मनगट धरता. मॅनेजरच्या खोलीत दवाखान्यातून फोन आला होता. सायकलच्या दांडीवर बसून मी विचारलं, "आईबी उठून बसन ना, बाबा?" तुम्ही म्हणालात, "हो वं, माय. बसन." आपण पोचलो तेव्हा उशीर झालेला होता. मला व्हरांड्यातच थांबवलं.

सहाचा आणि नऊचा खेळ दुसऱ्या ऑपरेटरने चालवला, शुक्रवारी सिनेमा बदलला, रिळांच्या पेट्या पुढच्या गावाला गेल्या. आईची तेरवी झाली आणि तुम्ही कामावर गेलात तर मालकाने तुम्हाला केबिनमधून काढून दारावर उभं केलं. सहा महिने तुम्ही टॉर्च दाखवून लोकांना खुर्च्यांवर बसवत होतात. शाळेत मुली चिडवायच्या. मी तुम्हाला कारण विचारलं नाही, फक्त त्या रस्त्याने जायचं सोडलं.

मग मला पाहायला पाहुणे आले तो रविवार. टीव्हीवर नेमका तोच सिनेमा लागला होता, आणि मी मोठ्या तोऱ्यात सगळ्यांना सांगितलं, यात आई बरी होते, आमच्या बाबांनी दाखवलाय मला. तुम्ही घाईघाईने उठलात. "बंद करा जी आता, चहा थंडा होऊन राहिला." मीच तुम्हाला अडवलं. खिडकी उघडली, आई हसली, आणि त्यानंतर सकाळ झाली. तीच खिडकी, तोच पलंग. डॉक्टर मुलीला एकच वाक्य बोलला आणि त्याने चादर वर ओढली. पाहुण्यांतल्या एक बाई हसल्या, "थेटरात झोपली असन तू." मी तुमच्यावर खेकसले, "आई बरी होते ना, इतकी वर्षं विचारलं, तुमी हो म्हणत आले! इंग्रजी येत नाही ते समजलं, पण डोळेबी नव्हते काय तुमाले?" तुम्ही बशीकडे बघत म्हणालात, "ऑपरेटरले पिक्चर कुठी दिसते? रीळ बदलाचा ठिपका येते ना वरच्या कोपऱ्यात, आमचं ध्यान तिकडंच." सगळे हसले, तुम्हीही हसलात. त्यानंतर तुम्ही मला त्या स्टुडिओची एकही गोष्ट सांगितली नाही, आणि मीही मागितली नाही.

तुमची तंबाखूची डबी माझ्याकडे आहे. त्यात दीपस्तंभाच्या फिल्मचा तुकडा आहे, हात लावू नको, असं तुम्ही सांगितलं होतं, म्हणून तुम्ही गेल्यावरही मी ती तशीच कपाटात ठेवली होती. परवा काम शेवटाला आलं आणि मला तो दीपस्तंभ बघावासा वाटला. मुठीत मावेल एवढी गुंडाळी निघाली. खिडकीच्या उजेडात धरली तर दीपस्तंभ नव्हता. पलंग होता. डॉक्टर होता. बोटाएवढ्या चौकटींमधून चादर जराजराशी वर सरकत होती.

म्हणजे मी झोपले नव्हते आणि तुम्ही आंधळे नव्हतात. तीनच्या खेळाआधी तुम्ही तो शेवट कात्रीने कापलात, 'दी एंड'ची पाटी खिडकीच्या प्रसंगाला जोडलीत, आणि तुकडा खिशात टाकलात. सहाच्या आधी परत चिकटवणार असणार. मग फोन आला. शेवट कापलेला निघाला म्हणून पुढच्या गावाहून आली असणार ती तक्रार, दारावरचे ते सहा महिने, सगळं मला त्या खिडकीत उभ्याउभ्या उलगडलं आणि मी खाली फरशीवर बसून रडले. बाबा, एका शब्दाने तरी सांगायचं होतं. काहून नाही सांगितलं?

आणखी एक आहे. पाहुण्यांसमोर मी चिडले ती लाजेने नव्हे. सिनेमातली आई उठली तर आपलीही उठली असती, तुम्ही त्या दिवशी खेळ चालवत बसलात म्हणून उशीर झाला, असं मी तोपर्यंत मनात धरून होते; सिनेमातलीही मेली तेव्हा तुम्हाला दोष द्यायचा तो आधारच गेला. हे मी कोणालाच सांगितलेलं नाही, आणि हा कागदही त्या डबीतच जाईल.

काम काल पाठवून दिलं. आज कंपनीचा निरोप आला, शेवटच्या प्रसंगात डॉक्टरच्या वाक्याखाली मराठी ओळ राहून गेली आहे, आजच्या आज द्या. वाक्य तीन शब्दांचं आहे. सकाळपासून बसले आहे, मला ते लिहिता येत नाही.