बेसिक सोडून थेट अ‍ॅडव्हान्स्ड

१ फेब्रुवारी, सकाळ
ठरलं. अ‍ॅडव्हान्स्ड मेडिकल बिलिंग अँड कोडिंग. ऑनलाइन, दहा आठवडे, शेवटी परीक्षा. सतरा वर्षं हॉस्पिटलच्या विम्याच्या काउंटरवर फॉर्म भरतोय. आता वरच्या मजल्यावर कोडिंगचं वेगळं खातं उघडणार आणि त्याला प्रमुख लागणार. नोटीस लावताना आमच्या काउंटरच्या मॅडम माझ्याकडेच बघत होत्या. मी नोटिशीसमोर उभा होतो ही गोष्ट खरी, पण म्हणून काय झालं.

काम तसं सोपं. प्रत्येक दुखण्याला एक नंबर. डॉक्टरांचा कागद वाचायचा, नंबर शोधायचा, विमा कंपनीला धाडायचा. नंबर पटला तर क्लेम पास. नाही पटला तर कंपनी क्वेरी काढते, म्हणजे खुसपट.

साइटवर ‘आधी बेसिक कोर्स करावा’ असं लिहिलंय. ते नवख्यांसाठी. पोहणाऱ्याला कुणी घोटाभर पाण्यात उभं करतं का? सौ. म्हणाली, तुम्हाला पोहता कुठे येतं. हिला उदाहरण कळत नाही.

२ फेब्रुवारी, पहाटे ५
ही ठरवलेली वेळ. प्रत्यक्षात ७.५०. गजर वाजला होता म्हणे. सौ.नं तीनदा बंद केला, चौथ्यांदा घड्याळच उशीखाली कोंबलं. घरात अभ्यासाचं वातावरण नाही.

५ फेब्रुवारी
कोडचं पुस्तक आलं. उशीएवढं जाड. चार रंगांचे हायलायटर आणले. पिवळा महत्त्वाच्यासाठी, गुलाबी अतिमहत्त्वाच्यासाठी, उरलेल्या दोघांचं नंतर बघू. पहिलं पान पूर्ण पिवळं झालं. झोप आली.

८ फेब्रुवारी
पहिले चार धडे नुसते नियम. काय करू नये, कधी करू नये, का करू नये. हे मला सतरा वर्षं मॅडमच सांगताहेत. थेट नवव्या धड्यापासून सुरुवात केली. पुस्तकात कासव चावण्याला वेगळा नंबर आहे. बादलीत पडण्यालाही आहे. अशा शास्त्राला मी आजवर मुकलो होतो.

माझ्या शेजारच्या काउंटरवर चष्मिश बसते. वय चोवीस, नोकरीत दीड वर्ष. तिनंही कोर्स घेतलाय. बेसिक करून आलीय आणि अजून दुसऱ्याच धड्यात आहे. वाईट वाटलं. मदत लागली तर सांग म्हणालो. ती बरं म्हणाली.

१४ फेब्रुवारी, रविवार
सराव म्हणून अख्ख्या घराचं कोडिंग केलं. सासूबाईंचे गुडघे: डावा वेगळा, उजवा वेगळा. मुलाचं नाक. सौ.ची डोकेदुखी. कारण लिहायच्या जागी तुमचंच नाव लिहा, असं सौ. म्हणाली. तसा नंबर पुस्तकात नाही. सासूबाई म्हणाल्या, नंबर राहू द्या जावई, शेकायची पिशवी तेवढी भरून द्या.

२३ फेब्रुवारी
आज गडबड. ताईचे यजमान, आमचे भाऊजी, डेपोत रांगेत उभे असताना चक्कर येऊन पडले. त्यांना आमच्याच हॉस्पिटलात आणलं. भाऊजी बस चालवतात. बावीस वर्षं, गाडीला एक ओरखडा नाही. बोलणं कमी. ताईच जास्त बोलते, रडते पण तीच. सकाळपासून पोटात काही नव्हतं म्हणे. सलाइन लावलं, दुपारी उठून बसले, संध्याकाळी घरी. आधी गाडी कुणी नेली ते विचारलं, मग ताई कुठेय ते.

विमा त्यांच्या बस कंपनीचाच, क्लेम आपल्या काउंटरवरून. चष्मिशनं कागद उचलला होता. मी तिच्या हातातून घेतला. घरचं माणूस आहे, नवख्याच्या हाती कसं देणार.

२४ फेब्रुवारी
डॉक्टरांनी लिहिलंय, ‘क्षणभर शुद्ध हरपली. मिरगी? तपासून पाहणे.’ हे असं अर्धवट. चक्कर हा काय आजार झाला? चक्करेच्या नंबरवर विमा कंपनी फुटकी कवडी देणार नाही. मिरगीला मात्र अख्खं पान आहे, पोटप्रकार आहेत, धडा अकरा. मी त्यातला भारदस्तसा एक निवडला आणि ठोकून दिला. प्रश्नचिन्हाला नंबर नसतो. डॉक्टरांना निर्णय घेता येत नसेल तर कुणीतरी घ्यायला हवा.

३ मार्च
क्लेम पास. एकही क्वेरी नाही. अख्ख्या काउंटरला चहा पाजला. चष्मिशनं कोणता नंबर टाकला विचारलं. म्हणालो, तू दुसऱ्या धड्यात आहेस, अकराव्यात आलीस की बोलू.

ताईला फोन केला. ती म्हणाली, बाबा रे, तू होतास म्हणून झालं. खरंच आहे.

४ मार्च
भाऊजींच्या मेंदूच्या तपासण्या नॉर्मल. मिरगीबिरगी काही नाही, सकाळी खाऊन घराबाहेर पडा म्हणाले डॉक्टर. छान. सगळंच चांगलं चाललंय.

२२ मार्च
अभ्यासात दोन आठवड्यांचा खंड. कारणं: पंख्याचा आवाज, मुलाची परीक्षा, माझी पाठ. खुर्ची बदलायला हवी. नवीन खुर्चीशिवाय बारावा धडा सुरू करण्यात अर्थ नाही.

३० मार्च
खुर्ची आली. जोडताना बोटाला लागलं. नंबर शोधला, सापडला नाही. दोन तास गेले, पण हाही अभ्यासच.

११ एप्रिल
परीक्षा. शंभर प्रश्न. निम्म्याहून जास्त पहिल्या चार धड्यांवरचे, म्हणजे पेपर काढणाऱ्यानं पुढचं वाचलेलंच नाही. कासव आलं नाही. बादलीही नाही. एक प्रश्न मात्र माझ्या घरचाच: बाहेरून येऊन त्याच दिवशी घरी गेलेल्या पेशंटच्या कागदावर डॉक्टरांनी आजारापुढे प्रश्नचिन्ह लिहिलं, तर काय कोड करायचं? डोळे झाकून ‘तोच आजार, पक्का’ यावर खूण केली. आपल्याला अनुभव आहे. परीक्षा केंद्राबाहेर आल्यावर चष्मिश म्हणाली की पेपर ठीक गेला. बिचारी.

१५ एप्रिल, संध्याकाळ
ताई आली होती. भाऊजींची गाडी काढून घेतली. विमा कंपनीकडून डेपोच्या ऑफिसात कागद गेला, त्यावर मिरगी लिहिलंय. मिरगीवाल्या माणसाच्या हाती बस कशी द्यायची म्हणाले. आजारपणाच्या रजेवरून परत गेल्यापासून त्यांना चौकशीच्या खिडकीत बसवलंय. महिनाअखेरीला मेडिकल बोर्ड. कागद तसाच राहिला तर ड्रायव्हरकी कायमची गेली. ताई म्हणाली, ते घरी येतात, बूट काढतात आणि भिंतीकडे तोंड करून बसतात.

म्हणालो, डेपोवाल्यांना मेडिकल भाषा कळत नाही, मी बघतो. आणि ज्या कुणी हा निष्काळजीपणा केला असेल त्याला सोडत नाही. सौ. माझ्याकडे बघत राहिली. नंतर भांडी जरा जोरात घासली.

१६ एप्रिल
म्हणजे नंबर मीच टाकला होता, हे मला माहीत आहे. पण टाकणं वेगळं आणि त्याचा असा अर्थ काढणं वेगळं.

१९ एप्रिल
निकाल. मला अडतीस. चष्मिशला एक्क्याण्णव. तपासणारा माणूस बेसिकवाला असावा. सौ. म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. म्हणीनं बोलणाऱ्या माणसाशी वाद घालता येत नाही.

२० एप्रिल
चष्मिशला सहज विचारलं, माझ्या एका मित्राचं असं असं झालंय. तिनं धडा दुसरा उघडून दिला. पहिलंच पान. पेशंट त्याच दिवशी घरी जाणार असेल आणि डॉक्टरांना नुसती शंका असेल, तर शंकेला आजार म्हणायचं नाही. जे दिसलं तेवढंच कोड करायचं. चक्कर आली, तर चक्कर. कारण एकदा कागदावर आजार चढला, की तो त्या माणसाच्या मागे लागतो.

एवढं महत्त्वाचं होतं तर जरा पुढे छापायला हवं होतं.

मग तिनं हळूच विचारलं, मित्र म्हणजे तुमचे भाऊजी ना. क्लेमवर माझ्याच नावाचा लॉगिन होता, तिनं बघितला असणार. चक्करेच्या नंबरवरही क्लेम पास झाला असता, असंही म्हणाली. हे तिनं सांगायची गरज नव्हती.

२१ एप्रिल
दुरुस्तीचं पत्र क्रमांक एक: ‘संगणकातील तांत्रिक बिघाडामुळे’. नंबर टाकणाऱ्यानंच कारण देऊन सही करायची असा नियम. कंपनीची क्वेरी: कोणता बिघाड? आयटीचा दाखला जोडा.
आयटीवाला हसला.

२३ एप्रिल
पत्र क्रमांक दोन: ‘डॉक्टरांचे हस्ताक्षर दुर्बोध असल्याने’. कंपनीची क्वेरी: डॉक्टरांचा कागद टाइप केलेला आहे.
डॉक्टरांपर्यंत हे गेलं. लिफ्टमध्ये भेटले. माझं स्टेशन यायच्या आधीच, म्हणजे मजला यायच्या आधीच उतरलो.

२५ एप्रिल
भाऊजींना बघायला गेलो. चौकशीच्या खिडकीत, गळ्यापर्यंत बटणं लावून. समोरून त्यांची रोजची गाडी दुसरा कुणीतरी काढत होता. वळताना मागचं चाक फुटपाथला घासलं. भाऊजींनी डोळे मिटले. मला म्हणाले, तू एवढी धावपळ करतोयस, उगाच दगदग करून घेऊ नकोस. मी त्यांना पाणी हवंय का विचारलं. त्यांच्यासमोर बाटली होती.

२६ एप्रिल
पत्र क्रमांक तीन. दोन पानं. शंका आणि निदान यांतल्या सूक्ष्म फरकाचा ऐतिहासिक आढावा. मीच तीनदा वाचलं, छान उतरलंय. कंपनीच्या बाईंचा फोन. सगळं वाचलं म्हणाल्या, पण चूक कुणाची ते सापडलं नाही. फॉर्ममध्ये कारणाला एकच ओळ आहे, तेवढ्यात बसवा. आणि बोर्ड परवा आहे ना, म्हणाल्या.

२७ एप्रिल, दुपार
सकाळी ताई येऊन समोरच्या बाकावर बसली. ती बोलत नाही म्हणजे प्रकरण गंभीर. चष्मिशनं फॉर्म काढून समोर ठेवला आणि मुद्दाम प्रिंटरकडे निघून गेली.

दहा ओळी खोडल्या. अकरावी ठेवली: ‘रुग्णास मिरगी नाही. नोंद करणाऱ्यास नियम माहीत नव्हता.’ खाली सही. ताईला दाखवलं. तिनं दोनदा वाचलं. बोर्ड होऊ दे, मग तुझ्याशी बोलते, म्हणाली. आवाज आमच्या आईसारखा होता.

चार वाजता कंपनीचं उत्तर. मंजूर. दुरुस्त कागद डेपोला रवाना.

२८ एप्रिल
बोर्ड पास. उद्यापासून गाडी.

मॅडमनी बोलावलं. वरच्या मजल्याचं पद चष्मिशला. मी काउंटरवरच, पण माझा प्रत्येक नंबर आधी तिच्याकडे जाणार. मी विचारलं किती दिवस. मॅडम म्हणाल्या, आधी बेसिक तर करा.

संध्याकाळी भाऊजींचा फोन. एरवी ते फोनवर हं म्हणतात आणि ठेवतात. आज भरभरून बोलले. पत्र त्यांनी वाचलेलं नाही, ताईनं दाखवलं नाही. माझ्या मेहुण्यानं एका ओळीत काम केलं असं अख्ख्या डेपोला सांगितलंय. विम्याचे कागद अडकलेले नऊ ड्रायव्हर आहेत, सगळे उद्या माझ्याकडे यायचं म्हणताहेत.

मी त्यांना वरच्या मजल्यावर पाठवा म्हणालो.