दोन डाव्या बाह्या

४ मार्च
धाकटीनं कात्री काढून घेतली. भर दुकानात, कोटवाल्या गिऱ्हाईकासमोर — "ताईला आता कापायला देत नाही हो, डोकं चालत नाही तिचं." का, तर त्याच्या कोटाला दोन्ही बाह्या डाव्या! कापड दुहेरी न घालता कापलं की असंच होतं. पण त्या दिवशी मी दात काढायला गेले होते. तिनंच कापल्या आणि माझ्या नावावर खपवल्या. चाळीस वर्षं कात्री माझ्याकडे, मशीन तिच्याकडे. बहीण असेल तर घरी. बघून घेईन.

६ मार्च
काजं-बटणं करत बसले. नव्या पोरीचं काम.

९ मार्च
दवाखान्यात म्हाताऱ्यांच्या डोक्यावर संशोधन चाललंय. कुणाचं शेवटपर्यंत शाबूत राहतं, कुणाचं नाही, आणि का. सख्ख्या बहिणी त्यांना हव्याच आहेत. धाकटीला म्हटलं, "चल, माझं डोकं तपासून घेऊ." लगेच तयार. मी नापास होताना बघायचंय तिला. मला पास झाल्याचा कागद हवाय. दुकानाच्या दारावर चिकटवते.

१६ मार्च
झाली परीक्षा. पाच शब्द सांगितले, दहा मिनिटांनी विचारले. पाचही सांगितले, वर डॉक्टरीणबाईंची बाही काखेत उसवलीय तेही सांगितलं.
मग धाकटी. घड्याळाचं चित्र काढायचं होतं. टेबलावर तिचा कागद दिसला. गोल झकास. आकडे सगळे एकाच अंगाला, एकावर एक. दुसरी बाजू कोरी.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "एवढ्यावरून काही ठरत नाही. पण यांना परत आणा."
धाकटी म्हणे, "चष्मा विसरले ना."
चष्मा नाकावर होता.
आता सापडली. कोटवाला येऊ दे, त्याच्यासमोरच सांगते.

१७ मार्च
कोटवाला उद्या येतोय. काय बोलायचं ते पाठ केलंय. जशास तसं.
दुपारी धाकटी मशीनपुढं नुसती बसलेली. हातात दोरा. कुठून ओवायचा तेच बघत होती. मी जवळ गेले तर खेकसली, "बघतेस काय? काजं कर जा."
मला वाटलं होतं, बाह्यांचं खोटं बोलते. खोटं बोलायलाही आठवावं लागतं.

१८ मार्च
कोटवाल्याला सांगितलं, बाह्या मीच कापल्या. धाकटी म्हणाली, "बघा, मी सांगत नव्हते?" म्हटलं, हो बाई, मला एकटीला जमत नाही आता. कात्री मी धरते, तू शेजारी बसून लक्ष ठेव.
बसली.