तिसरं रीडिंग

सर, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली तरी मी मनातल्या मनात तुमच्याशी वाद घालते. आज वाद नाही. आज अंधेरीच्या ऑफिसात तुमची गोष्ट सांगून मी एक भांडण जिंकले, आणि मुलुंडला घरी आल्यापासून मला चैन नाही.

माझं काम ऐकून तुम्ही हसाल. हवेतला कार्बन डायऑक्साइड काढून घ्यायचे जे उपाय निघालेत, ते ताडून बघायचे आणि त्यांना नंबर लावायचे. तुम्ही आम्हाला चुन्याच्या निवळीत फुंकायला लावायचात आणि ती दुधाळ झाली की विचारायचात, हा वायू गेला कुठे? तोच प्रश्न, फक्त आता त्याचा पगार मिळतो. झाडं स्वस्त, पण वणवा लागला की सगळं परत हवेत. वायू ओढून जमिनीखाली गाडणारी यंत्रं किती काढला ते चोख सांगतात, पण वीज बकासुरासारखी खातात. काडीकचऱ्याचा कोळसा करून मातीत मिसळला तर बराच टिकतो, पण एवढा काडीकचरा आणायचा कुठून? चौथा उपाय, काळ्या दगडाची पूड भातशेतीत पसरायची, म्हणजे पावसाच्या पाण्यात उतरलेला वायू ती बांधून ठेवते. जो पहिला येईल त्यालाच आमचा क्लायंट सगळे पैसे देणार. आमच्या तक्त्यात पूड पहिली आली होती, आणि ती पडणार होती तुमच्या कोकणातल्या खाचरांत.

मला तो आकडा जरा जास्तच गुळगुळीत वाटला. म्हणून पूडवाल्या कंपनीच्या माणसाला फोन केला, शेतातून निथळणारं पाणी तपासलंत का? तो बिचारा सरळ म्हणाला, अजून नाही मॅडम, बादलीत प्रयोग केला त्यावरून काढलाय. मी तो आकडा खोडला, ‘मोजलेलं नाही’ असं लिहिलं आणि पुडीचा नंबरच काढून टाकला. आमचा मॅनेजर वैतागला. "यार, सगळेच अंदाज लावतात ना. रिकामा चौकोन बरा दिसतो का?" तेव्हा मी त्याला तुमची गोष्ट सांगितली.

अकरावीचं प्रॅक्टिकल. आम्ही निम्मी मुलं-मुली रीडिंग घरूनच ‘शिजवून’ आणायचो, उत्तर आधी आणि प्रयोग नंतर. तुम्ही माझी वही बघता, तीन सुबक रीडिंग, मग माझ्या टेबलावरच्या काचेच्या नळीवरून नुसतं बोट फिरवता. राग आला की तुमची मालवणी बाहेर यायची. "नळी कोरडी आसा गो." बस, एवढंच. सगळ्या वर्गासमोर मेल्याहून मेल्यासारखं झालं. कॉलेज सुटल्यावर तुम्ही मला थांबवलंत, माझ्याकडून सगळं पुन्हा करून घेतलंत, आणि वहीवर पूर्ण मार्क देऊन खिशातलं स्वतःचं शाईपेन माझ्या हातात ठेवलंत. म्हणालात, रीडिंग यापुढे शाईने लिही. हे ऐकून मॅनेजरने तो चौकोन रिकामाच राहू दिला. रिपोर्ट तसाच गेला, खाली माझी सही, त्याच पेनाने. उद्या क्लायंट काय म्हणेल ते म्हणेल, त्याची मला भीती नाही. नव्याने लागलेल्या पोरींना मी ही गोष्ट नेहमी सांगते, आणि त्या म्हणतात, काय सर होते तुमचे.

होतातच तुम्ही. पण त्या संध्याकाळचं सगळं मी कुणालाच सांगितलेलं नाही. पहिलं रीडिंग मी नीट घेतलं, दुसरंही. तेवढ्यात तुम्हाला वाटलं पोर भुकेली असेल, म्हणून तुम्ही माझ्यासाठी वडापाव आणायला खाली गेलात. मला घाई झाली होती, आणि पहिली दोन जुळत होती. तिसरं मी न घेताच लिहून टाकलं. तुम्ही आलात, वडापावचा कागद माझ्यापुढे उघडलात, वही बघितलीत आणि पुन्हा नळीवरून बोट फिरवलंत.

नळी ओली होती, सर. म्हणून तुम्हाला कळलं नाही.