देल्फी अंगणात शिकवते

४ एप्रिल
आली एकदाची! इलोइलोच्या विमानतळावरून जीपनी गाड्या बदलत घरी पोचेपर्यंत दुपार टळली. चार वर्षांनी धाकटी बहीण घरात पाऊल टाकतेय आणि तिची लेक माझ्या पाठीमागे लपलीय. नऊ वर्षांची घोडी! "अगं, आई आहे तुझी," म्हटलं तर माझा झगाच घट्ट धरला.
देल्फीनं आणलेले बूट क्लारिसाला होईनात. दोन बोटं लहान. "फोनवर पाय दिसत नाहीत गं, मनांग," एवढंच म्हणाली. लहानपणापासून मला मनांगच म्हणते, मोठी म्हणून. 

५ एप्रिल
क्लारिसानं मला, तिच्या मावशीला, हळूच विचारलं, "तिया, ती परत कधी जाणार?"
मे संपता संपता, म्हटलं. मान हलवली आणि खेळायला गेली.

९ एप्रिल
हाँगकाँगला लोकांची घरं आवरायला जाण्याआधी ही पोरगी हायस्कुलात विज्ञान शिकवायची, हे मी विसरूनच गेले होते. वाटलं होतं, तीही विसरली असेल.
सकाळी पाण्याच्या बाटलीचं बूड कापलं, झाकणाला भोक पाडलं, ओसरीच्या वाशाला दोरीनं उलटी टांगली. खाली सिमेंटची रिकामी कागदी पिशवी उसवून अंथरली. बाटलीत पातळ निळा रंग. एक झोका दिला आणि बाजूला जाऊन बसली. रंगाची धार लांबट गोल काढत गेली — गोलाच्या आत गोल, त्याच्या आत आणखी लहान. बघता बघता कागदावर फूल! मी कोथिंबीर निवडायची थांबले.
कुणालाही हाक मारली नाही तिनं. क्लारिसा खिडकीत होती, ते तिला माहीत होतं.
शेजारच्या पासिंगबाई कुंपणावरून म्हणाल्या, "परदेशात हेच शिकून आलीस का, रंग सांडायला?"
"हो ना, नान्ग," देल्फी बाईंना म्हणाली. "पुसायचं काम चार वर्षं केलं. म्हटलं आता सांडून बघू."
बाई हसल्या. मी आत जाऊन डोळे पुसले.

१० एप्रिल
क्लारिसा बाहेर आली. आईकडे न बघता, बाटलीलाच विचारल्यासारखं — "दोरी आखूड केली तर?"
"करून बघ."
केली. बाटली घाईघाईनं झुलायला लागली. मग म्हणाली, जड केली तर आणखी घाई करेल. देल्फीनं दोन सारखे डबे शोधले. एकात वाळू ठासून भरली, दुसऱ्यात भाताचा कोंडा. सारख्या दोऱ्या, एकदम सोडले. दोघे बरोबरीनं जात होते, बरोबरीनं येत होते. क्लारिसानं पुन्हा पुन्हा सोडून पाहिले. मग चिडून, "असं कसं?"
मीसुद्धा वाळूच्या डब्यावरच पैज लावली असती. देल्फीनं उत्तर सांगितलं नाही. तिला एवढा धीर कुठून येतो? मी असते तर पाच मिनिटांत सगळं सांगून मोकळी झाले असते.

१८ एप्रिल
भोवरे. पुठ्ठ्याच्या चकतीवर सात रंग. फिरवलं की रंग गायब, नुसतं फिकट पांढुरकं. तातांनी, आमच्या वडिलांनी, खाटेवरूनच हात पुढे केला, "मला दे." औषधाच्या गोळ्यांसाठी हात पुढे करायला त्यांना दहादा सांगावं लागतं.

२ मे
किनाऱ्यावरून शिंपले आणले. बांबूच्या काडीला टांगून झुंबर करायचं. माझं सारखं एकीकडे कलायचं.
"तिया, जड शिंपला मधे सरकव. आणि हलका लांब ने."
सरकवला. काडी सरळ झाली.
"कुणी सांगितलं तुला?"
"कुणी नाही. मला कळलं." आणि आईकडे बघून हसली. माझ्याकडे नाही.
चांगलं वाटलं. थोडं टोचलंही. पाच वर्षांची होती तेव्हा देल्फीनं माझ्या कडेवर दिली होती.

११ मे
एजन्सीचा फोन. नव्या घरच्या लोकांना देल्फी लवकर हवीय. ती ओसरीत हळू आवाजात बोलत होती, पण क्लारिसानं ऐकलं. कात्री घेऊन बाटलीची दोरी कापली. सगळा रंग फरशीवर.
"जायचंच आहे तर शिकवतेस कशाला?"
मला वाटलं, देल्फी समजावेल. पैसे, घर, तातांचं औषधपाणी. ते सगळं तिच्याच पगारावर आहे. पण ती म्हणाली, "बरोबर विचारलंस. मला उत्तर येत नाही."
मग दोघींनी मिळून फरशी पुसली. 

१४ मे
आज जे पाहिलं ते लिहून ठेवायलाच हवं.
सकाळी क्लारिसा म्हणाली, "उन्हात उभी राहा. मला तुझी सावली काढायचीय." देल्फी अंगणात उभी राहिली. क्लारिसा कोळशानं तिच्या सावलीची कड काढू लागली. डोक्यापासून सुरुवात. एकेक केस, कानातली रिंगसुद्धा. पायांपर्यंत आली आणि वर पाहिलं तर डोकं रेघेबाहेर गेलेलं.
"हललीस तू!"
"नाही हलले."
"खोटं! तिया, ही हलली ना?"
मी पायरीवर बसून बघत होते. नव्हती हलली. घामानं निथळत होती, नाकावर माशी बसली तरी हलली नव्हती.
"मग हललं कोण?" देल्फीनं विचारलं.
क्लारिसा सावलीकडे बघत राहिली, मग डोळ्यांवर हात धरून वर. "आपणच," ती म्हणाली. "सगळं अंगणच हललं. आपल्यासकट."
देल्फीनं टाळ्या वाजवल्या नाहीत. शाबासकी दिली नाही. फक्त म्हणाली, "मग पुन्हा काढ. मी उभी आहे."
दुपारपर्यंत उभी होती. मी तिला पाणी पाजलं, पण जागची हलली नाही. अंगणभर तिच्या सावल्या, एकीपेक्षा दुसरी आखूड. शेवटची काढून झाल्यावर क्लारिसा आईच्या कमरेला मिठी मारून राहिली.
चार वर्षं मी हिला जेवू घातलं, वेण्या घातल्या, तापात उशाशी बसले. हे मला देता आलं नसतं.

२० मे
पासिंगबाईंनी दोन्ही नातवंडं पाठवली. वर बिबिंका, तांदळाचा केक, अजून गरम. "आमच्याही पोरांना सांडू दे," म्हणाल्या. ओसरीवर पाय ठेवायला जागा नाही. तात खाटेवरून भोवऱ्यांचे पंच झालेत.

२४ मे
शहरात जाऊन आले. बाजाराला जाते म्हणून सांगितलं होतं. एजन्सीतल्या बाईनं वय विचारलं, स्वयंपाक येतो का विचारलं, म्हाताऱ्या माणसांचं करता येईल का विचारलं. सगळं येतं, म्हटलं. वडिलांचं करतेच आहे.
संध्याकाळी देल्फीला विहिरीपाशी गाठून सांगितलं — तू इथल्या शाळेत अर्ज कर. या वेळी मी जाते.
ती खूप रडली. शेवटी हो म्हणाली.
क्लारिसाला कोणी सांगायचं, ते अजून ठरलं नाही.