निळी झालेली नळी

कर्जत, १९ सप्टेंबर १९७३

ती. अक्कास कुमुदचा नमस्कार.

मी बरी आहे. तुझा गुडघा कसा आहे? हल्ली कचेरीतून निघताना मी कपाटाचं कुलूप दोनदा ओढून पाहते.

भाताच्या खोडकिडीची अंडी आतून खाऊन बाहेर पडणारी एक गांधीलमाशी मिळाली आहे, मुंगीपेक्षाही लहान. इकडे तिची नोंद नाही. ती अंडी आमच्या शेतावर मजुरीला येणाऱ्या भिवपुरीच्या गौराबाईने हेरली, म्हणून माशी स्पिरिटच्या काचनळीत ठेवून कपाटात ठेवली तेव्हा आतल्या चिठ्ठीवर शोधणारी म्हणून मी पेन्सिलीने तिचंच नाव लिहिलं.

सोमवारी पाहते तो नळीतलं स्पिरिट निळं! कुणीतरी माझी चिठ्ठी काढून शाईने लिहिलेली आत घातली होती, आणि शाई विरघळली होती. साहेबांनी स्वतःचं नाव घुसवलं असणार, असा मला संशय आला. विचारलं तर हसले. "अहो बाई, मजुरणीचं नाव कशाला? तुमचं घातलंय."

अक्का, माझा राग तिथेच विरला. ती चिठ्ठी मी तशीच राहू दिली.

आज गौराबाईने विचारलं, "बाई, माजी माशी मुंबईला पोचली का गं?"

"आज निघतेय," म्हटलं. पेन्सिलीने पुन्हा तिचं नाव लिहिलं आणि नळी मुंबईच्या तज्ज्ञांकडे रजिस्टर पोस्टाने पाठवली. साहेबांना काय म्हणायचं ते म्हणोत.

मधल्या दोन दिवसांचं आईला सांगू नकोस.

तुझीच,
कुमुद