मागच्या खोलीचा ओटा

९ फेब्रुवारी २००३, रविवार

ठरलं! मागच्या आवारात पाहुण्यांसाठी खोली बांधायची — आणि तिला स्वतंत्र स्वयंपाकघर! हे ऐकून ह्यांनी पेपर खाली ठेवला, म्हणजे अर्धा होकार. ऑगस्टात सिंहस्थ. ह्यांचं अख्खं नामपूर आमच्याकडे उतरणार. मागच्या सिंहस्थात एकोणीस माणसं, बावीस दिवस. घरापासून रामकुंड अडीच किलोमीटर, पण मी पोळपाटच पाहिला. या वेळी त्यांची चूल त्यांना, गोदेतली बुडी मला!

१८ फेब्रुवारी

शेजारच्या गेणूभाऊंचा महेश नकाशा काढायला आला. नवाकोरा इंजिनियर. टेप घेऊन आवारभर फिरलो. कुंपणापासून अंतर सोडायचं, म्हणून माझा मोगरा गेला. जाऊ दे मेला. हसून हसून टेपचं टोक दोनदा सुटलं माझ्या हातून.

२ एप्रिल, पाडवा

परवानगी यायचीय. पण मुहूर्त काय पालिकेसाठी थांबतो? खोलीच्या जागी नारळ फोडला. शिवाय कडप्प्याचा सात फुटी ओटा सांगून टाकला. हे म्हणाले, "अगं, अजून भिंती कुठायत? बाजारात तुरी..." म्हटलं, भिंती येतील मागून.

२१ एप्रिल

ओटा आला. पेरूला टेकवून ठेवलाय. येता-जाता हात फिरवते.

३० एप्रिल

परवानगी आली — फक्त खोलीला. स्वयंपाकघरावर लाल काट.

महेश मान खाली घालून म्हणाला, "काकू, मागे पाहुण्यांची खोली चालते. चूल मांडली की पालिकावाले दुसरं घर धरतात. आपल्या प्लॉटवर घर एकच."

आधी का नाही बोललास? तर म्हणे, "तुम्ही एवढ्या खूश होतात..."

हे इतके हसले की चष्मा काढावा लागला. मी जेवले नाही.

११ मे

नणंदेचा, पुतळाबाईंचा नामपूरहून फोन. "वैनी, बावीस जन येतस आम्ही. तुना हातनी चव आठे कोठे शे?" माझ्या हातची चव तिकडे कुठे, असं इतक्या मायेने बोलतात की रागावताही येत नाही. फोन ठेवला आणि चक्क रडले.

६ जुलै

खोली झाली. गवंडी मंगळूने विचारलं, "बाई, या ओट्याचं काय करायचं? खिडकीखाली बसवू? टेबल व्हईल लिहायला."

बसवला. खुर्ची ओढून बसून पाहिलं. समोर पेरू, पोपट, कुणाची हाक नाही. आणि एकदम काहीतरी सुचलं! लिहीत नाही. लिहिलं तर तोंडावर दिसेल.

१३ ऑगस्ट

बावीसच्या बावीस आले. सगळ्यांना मोठ्या घरात उतरवलं. डाळीचे डबे दाखवले, गॅस दाखवला. मग माझी वळकटी उचलली आणि मागच्या खोलीत आले.

पाठोपाठ पुतळाबाई. "वैनी, सैपाक?"

मी परवानगीचा कागद पुढे केला. "वन्सं, इथे राहणाऱ्याला चूल पेटवायची मनाई आहे. शिक्का बघा." त्यांनी शिक्का पाहिला. मग माझ्याकडे. मग पदर तोंडावर धरून अशा हसल्या की बाजेवरच बसल्या.

१५ ऑगस्ट

बुडी मारून आले. केसांचं पाणी ओट्यावर ठिबकतंय. ह्यांनी आत्ता खिडकीतून ताटली दिली. पिठलं. स्वतः केलेलं, लग्नाला तेहेतीस वर्षं झाल्यावर. खालून करपलंय. सगळं खाल्लं.